एका थेंबाचा पाट व त्यांतील रुप्याची तार

विहिरीचें पाणी गोड आहे किंवा मचूळ आहे हें जिभेस कळतें. जमीन चोपण होत चालली आहे हें नांगराच्या तासांत दिसतें. परंतु पाण्यांत किंवा मातींत शिसें अथवा कॅडमियम हे धातु उतरले आहेत कीं काय, हें जिभेसहि कळत नाहीं व डोळ्यांसहि दिसत नाहीं. चिखलीच्या शिवारांत हा प्रश्न आतां केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाहीं. १९९७ सालीं आमचें गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत गेलें. कुदळवाडीच्या बाजूस भंगाराचे सांठे, पत्र्याचीं गोदामें व बारीकसारीक कारखाने उभे राहत गेले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें महानगरपालिकेनें तेथील चार हजारांहून अधिक बांधकामें पाडून जमीन मोकळी केली. पत्रे गेले, छपरें गेलीं. परंतु इतक्या वर्षांत त्या जागीं जें कांहीं सांडलें, जळालें व मुरलें असेल, तें आहे असेंहि मोजल्यावांचून म्हणतां येत नाहीं, व नाहीं असेंहि म्हणतां येत नाहीं. ज्यांच्या विहिरी आसपास आहेत आणि ज्यांच्या गोठ्यांत त्याच पाण्यावर वाढलेली मका व घास पडतो, त्यांस तर याचा निकाल हवाच.

मातीच्या आरोग्यपत्रिकेंत हें येत नाहीं काय, असें कोणी विचारील. केंद्र सरकारनें ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं राजस्थानांत सुरतगड येथें सुरू केली, आणि तींत बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश व गंधक, जस्त, लोह, तांबें, मंगल व बोरॉन, आणि सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. खताचा हिशेब करण्यास ही पत्रिका उत्तम आहे, व ज्यांनीं ती अद्यापि घेतली नसेल त्यांनीं अवश्य घ्यावी. परंतु शिसें व कॅडमियम यांचा रकाना तींत नाहीं. गांवनमुना सात व बारा यांत क्षेत्र आहे, आकार आहे, भोगवटदार आहे, बोजा आहे, पीक आहे. मातींत काय मुरलें आहे हें लिहिण्यास जागा नाहीं. आमची उमर महसुलाच्या दप्तरांत गेली, म्हणून हें आम्हांस अधिक जाणवतें. ज्या गोष्टीस रकाना नाहीं ती गोष्ट कागदाच्या लेखीं नसतेच.

मोजावयाचें तें प्रमाण तरी किती अल्प असतें पाहा. पिण्याच्या पाण्याचें जें भारतीय मानक आहे (क्रमांक १०५००, सन २०१२), त्यांत शिशाची मर्यादा एका लिटरांत ०.०१ मिलिग्रॅम व कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम ठेविली आहे. पांच मीटर व्यासाच्या विहिरींत पांच मीटर पाणी उभें असतां तें सुमारें एक लाख लिटर भरतें. अशा विहिरींत अवघें एक ग्रॅम शिसें विरघळलें कीं ही मर्यादा गांठली गेली. एवढें बारीक माप प्रयोगशाळेंतील मोठीं यंत्रें बिनचूक करितात, परंतु तीं यंत्रें बांधावर नेतां येत नाहींत. सबब गेलीं कांहीं दशकें निरनिराळ्या देशांतील संशोधक प्रयोगशाळाच लहान करून पट्टीवर बसविण्याच्या खटपटींत आहेत. ही पट्टी कशी बनते व तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा, हें येथें सांगावयाचें आहे.

अशी एक पट्टी आमच्या बहुतेक वाचकांच्या घरांत आजहि असेल. मधुमेहाचा रोगी बोट टोंचून रक्ताचा ठिपका ज्या पट्टीस लावितो, ती हीच जात होय. ठिपका लावतांच रक्त आपोआप आंत ओढलें जातें, कारण पट्टीच्या टोंकाशीं केसासारखी बारीक वाट ठेविलेली असते. त्या वाटेच्या तळाशीं कार्बनाच्या किंवा धातूच्या शाईनें विजेच्या रेघा काढलेल्या असतात. रक्तांतील साखर तेथें ठेविलेल्या द्रव्याशीं संयोग पावते, त्यापासून अत्यल्प वीज वाहते, आणि ती मोजून यंत्र आंकडा दाखवितें. साखर विजेनें मोजण्याची ही कल्पना अमेरिकेंतील क्लार्क व लायन्स यांनीं १९६२ सालीं मांडली. बारीक पाट आणि पाटांत बसविलेली विजेची वाट, या दोन अंगांच्या साधनास मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणतात. आम्ही तीस थेंबाचा पाट म्हणूं.

शेताच्या पाटाचे व या पाटाचे नियम एक नाहींत. समजा, पाट एक मिलिमीटर रुंद, दशांश मिलिमीटर खोल व वीस मिलिमीटर लांब आहे. त्यांत दोन घन मिलिमीटर पाणी मावतें; पाण्याच्या एका साधारण थेंबांत असे पंचवीस पाट भरून निघतील. इतक्या अरुंद जागेंत पाण्यास भोंवरा येत नाहीं. दोन पाणी शेजारीं शेजारीं सोडलीं तर तीं एकमेकांत न मिसळतां, दोन बैल एका जुवाखालीं चालावे तशीं, समांतर चालत राहतात, व त्यांतील क्षार हळूहळू एकांतून दुसऱ्यांत झिरपतात तेवढेच. पाणी पुढें नेण्यास उताराचीहि गरज नसते. भिंतीची ओढच त्यास पुरते. उलटपक्षीं मोटारसुद्धां जें अडवूं शकत नाहीं असें पाणी येथें हवेचा एक बुडबुडा अडवून ठेवितो.

आतां शिसें कसें मोजलें जातें तें पाहूं. पाटाच्या तळाशीं विजेचीं तीन टोंकें असतात. त्यांस इलेक्ट्रोड म्हणतात. पहिलें कामाचें, बहुधा कार्बनाचें. दुसरें विजेचा फेरा पुरा करणारें. आणि तिसरें रुपें व रुप्याचा क्लोराइड यांचें, ज्याच्या तुलनेनें विजेचा दाब धरावयाचा. हें तिसरें टोंक म्हणजे मोजणीच्या वेळचा कायमचा दगड; तो हलला तर सारी मोजणी चुकली. प्रथम पाणी किंचित् आंबट करून पाटांत घेतात व कामाच्या टोंकावर ऋण दाब मिनिट-दोन मिनिटें ठेवितात. पाण्यांतील शिसें, कॅडमियम, तांबें हे धातु त्या टोंकावर येऊन बसतात. मग दाब हळूहळू चढवितात. प्रत्येक धातु आपापल्या ठरलेल्या दाबास टोंक सोडून पुनः पाण्यांत जातो, व जातांना विजेचा एक उमाळा देऊन जातो: आधीं कॅडमियम, त्यामागून शिसें, त्यामागून तांबें. उमाळा कोणत्या दाबास आला यावरून धातूचें नांव कळतें, व केवढा आला यावरून त्याचें प्रमाण. पूर्वीं या कामास टोंकावर पाऱ्याचा थर देत असत. पारा स्वतःच विष असल्यामुळें ती एक अडचण होती. २००० सालापासून पाऱ्याऐवजीं बिस्मथ वापरण्याची रीत निघाली, आणि ही परीक्षा शेतकऱ्याच्या हातीं देण्याजोगी झाली.

पट्टी बनविण्याची सर्वांत सोपी रीत आमच्या ओळखीच्या धंद्यांतली आहे. लग्नपत्रिका व कापडी पिशव्या ज्या जाळीच्या चौकटीवर छापतात, तीच चौकट घ्यावी. साध्या शाईऐवजीं कार्बनाची शाई व रुप्याचा लेप घ्यावा. आणि पॉलिएस्टरच्या पातळ पत्र्यावर रबरी पट्टीनें ओढून तीन रेघा उठवाव्या. भट्टींत मंद आंचेवर त्या वाळविल्या म्हणजे विजेच्या वाटा तयार झाल्या. दोन्हीं अंगांस चिकट असलेल्या फितींतून पाटाचा आकार कापून ती वर बसवावी, व त्यावर झांकणाचा पत्रा, त्यास हवा निघून जाण्यापुरतें एक भोंक. याहूनहि स्वस्त रीत कागदाची आहे. हार्वर्ड विद्यापीठांत व्हाइटसाइड्स यांच्या मंडळीनें २००७ सालीं कागदांत पाट आंखून दाखविले, आणि २००९ सालीं थायलंड व अमेरिका येथील संशोधकांनीं त्याच कागदावर इलेक्ट्रोड छापले. कागदाच्या तंतूंतून पाणी स्वतःच चढतें, म्हणून झांकणहि लागत नाहीं.

सोपी रीत सांगितली म्हणजे काम सोपें आहे असें कोणीं समजूं नये. या धंद्याचें सारें मर्म सांध्यांत आहे. बांधांतून नळी काढली असतां पाणी नळींतून जितकें जातें, तितकेंच नळीच्या कडेनें झिरपून बांध फोडूं पाहतें, हा अनुभव प्रत्येक बागाइतदारास आहे. पट्टींतहि तेंच होतें. विजेची रेघ पाटाच्या आंतून निघून बाहेर यंत्रापर्यंत गेलीच पाहिजे, म्हणजे तिनें कोठें तरी झांकणाच्या सांध्याखालून जाणें आलेंच. रेघ जाड असेल तर तिच्या दोन्ही कडांस झांकण पुरें टेकत नाहीं, आणि त्या फटींतून पाणी चढत चढत बाहेरच्या टोंकाशीं पोंचतें. मग यंत्र जें मोजतें तें शिसें नव्हे, ती गळती होय! रेघ अति पातळ करावी, तर तिचा विरोध वाढतो व ती पुसून जाण्याची भीति.

या अडचणीवर लोकांनीं निरनिराळे उपाय काढले. कांचेवर काम करणारे प्रथम क्रोमियम किंवा टायटॅनियमचा अगदीं विरळ हात देतात, कारण सोनें कांचेस थेट धरत नाहीं, व त्यावर सोन्याचा इतका पातळ थर चढवितात कीं असे सुमारें दहा हजार थर एकावर एक ठेवावे तेव्हां एक मिलिमीटर भरेल. त्यावर रबराचें झांकण बेमालूम बसतें. तेंच सोनें रबरावर चढवूं गेल्यास रबर ताणतांच त्यास तडे जातात. म्हणून व्हाइटसाइड्स यांच्याच प्रयोगशाळेंत २००६-०७ च्या सुमारास निराळी युक्ति निघाली. सिलिकोन रबरांत दोन पाट शेजारीं शेजारीं पाडावे, एक पाण्याचा व एक तारेचा. तारेच्या पाटास आंतून औषधाचा हात द्यावा, कीं ज्यायोगें धातु भिंतीस धरेल. आणि मग त्यांत वितळलेलें डाक ओतून निवूं द्यावें. पाटच तारेचा सांचा झाला! सांधा राहिला नाहीं, तेव्हां गळतीहि राहिली नाहीं. आम्हांस ही युक्ति सर्वांत अधिक आवडली. तींत पाण्याचा पाट व विजेचा पाट एकाच हातानें, एकाच वेळीं, एकमेकांपासून ठरल्या अंतरावर पडतात. मागाहून जुळवाजुळव करावी लागत नाहीं. डाकेऐवजीं गॅलियम व इंडियम यांचा मिश्रधातु घातला तर तो सुमारें १५ अंशांच्या वर पातळच राहतो, व रबर वांकविलें तरी तार तुटत नाहीं. मात्र तो महाग पडतो.

दुसरा उपाय कुंभाराचा आहे, आणि त्यासाठीं अमेरिकेस जावयास नको. पुण्यांत पाषाणच्या बाजूस केंद्र सरकारची ‘सी-मेट’ ही संस्था आहे. तेथें कमी आंचेवर भाजावयाच्या सिरॅमिकचें काम चालतें. ॲल्युमिना व कांच यांची भुकटी चिकट द्रव्यांत कालवून तिची कातड्यासारखी लवचिक फीत पाडतात. फितीस बारीक भोंकें पाडून त्यांत रुप्याचा लेप भरतात, पृष्ठावर रुप्याच्या रेघा छापतात, पाण्याचे पाट कापून काढतात. मग अशा अनेक फिती खुंट्यांवर जुळवून एकावर एक रचतात, आणि सुमारें ७० अंश उष्णतेंत दाबून एकजीव करितात. त्यानंतर भट्टी. आधीं चिकट द्रव्य सावकाश जळूं देतात, व शेवटीं आंच सुमारें ८५० अंशांवर नेतात. नेमकी एवढीच आंच कां? रुपें ९६२ अंशांस वितळतें. नुसतें ॲल्युमिना भाजावयास सोळाशें अंशांच्या आसपास जावें लागतें, आणि तेथें रुप्याची तार टिकणार नाहीं. कांच मिसळल्यानें आंच खालीं उतरली व तार वांचली. भाजतांना वस्तु आंखडते, हें कुंभारास सांगावयास नको. शंभर मिलिमीटरची फीत भट्टींतून निघतांना ८७ मिलिमीटरांच्या आसपास भरते. म्हणून पाट व तार दोन्ही आधींच तितक्या प्रमाणानें वाढवून आंखावीं लागतात. पोकळ पाटावरील छत दाबतांना खालीं बसूं नये म्हणून पोकळींत कार्बनाची भुकटी भरतात. भट्टींत ती जळून जाते व पाट मोकळा होतो. इतकें झाल्यावर तार भिंतीच्या पोटांतच राहते, आणि पाण्यास तिच्या कडेनें पळावयास वाट उरत नाहीं.

अशी सिरॅमिक चिप नुसती प्रयोगशाळेंतच राहिली आहे असें नाहीं. गोव्यांतील मोलबायो कंपनीचें ‘ट्रूनॅट’ नांवाचें क्षयरोग ओळखण्याचें यंत्र पुष्कळांच्या कानांवर असेल. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं त्याच्या वापराची शिफारस केली. त्याच्या मुळाशीं बंगळूर येथील बिगटेक या संस्थेचें संशोधन आहे. त्या संशोधकांच्या एकस्वपत्रांत हीच रचना वर्णिली आहे: सिरॅमिकच्या थरांत थेंबाची खळगी, व खळगीच्या खालीं थरांतच पुरलेली तापणारी तार. थेंब तापवावयाचा, निववावयाचा, पुनः तापवावयाचा, आणि त्यांत रोगजंतूंचें बीजद्रव्य असेल तर तें वाढवून ओळखावयाचें. माणसाच्या थुंकीसाठीं जें साधलें, तें जनावराच्या दुधासाठीं किंवा विहिरीच्या पाण्यासाठीं साधणारच नाहीं असें मानण्यास कारण दिसत नाहीं. ऑस्ट्रियांतील संशोधकांनीं २०१७ सालीं मातीच्या अर्कांतील नत्र, स्फुरद व पालाश शेतावरच मोजण्याची अशी चिप प्रसिद्ध केली. तींत तार पाण्यास शिवतच नाहीं; पातळ पडद्याआडूनच पाण्याची वाहकता जोखते. न शिवल्यामुळें ती मळतहि नाहीं.

मळण्याचा हा दोष मोठा आहे. विहिरीच्या पाण्यांत कुजका पाला, साबण, तेल कांहींहि असतें. तें कामाच्या टोंकावर बसलें कीं शिशास बसावयास जागा उरत नाहीं, व शिसें असूनहि आंकडा कमी येतो. म्हणजे पाणी जितकें घाण, तितका आंकडा चांगला! विजेचा दाब अधिक झाला तर पाणीच फुटून त्याचे वायु होतात, आणि बुडबुड्यानें पाट बंद पडतो. शिवाय ही पट्टी विरघळलेलाच धातु मोजते. मातीच्या कणांस चिकटलेला मोजावयाचा तर माती आधीं आम्लांत उकळून अर्क काढावा लागतो, आणि तें काम घरीं करावयाचें नव्हे. यास्तव कोणी विक्रेता यंत्र घेऊन आला व एका मिनिटांत सारी माती सांगतों म्हणाला, तर त्यास तीन गोष्टी विचाराव्या. ठाऊक प्रमाणाचें पाणी आमच्यासमक्ष तपासून दाखवितां काय? आमच्या विहिरीच्या पाण्यांत ठाऊक प्रमाणाचें शिसें मिसळलें तर आंकडा तितकाच वाढतो काय? आणि हेंच पाणी प्रयोगशाळेच्या मोठ्या यंत्रावर तपासून दोन्ही आंकडे कागदावर शेजारीं शेजारीं लिहून देतां काय? जो हें टाळील त्याची पट्टी घेऊं नये.

तथापि पट्टीचा उपयोग थोडा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. गांवांतील चाळीस विहिरींचें पाणी मोठ्या यंत्राकडे पाठविणें खर्चाचें आहे. पट्टीनें चाळीस पाहून संशयाच्या पांच निवडल्या, आणि त्या पांचच पाठविल्या, तर काम हलकें होतें. हें काम सोसायटीनें अंगावर घेण्यासारखें आहे. पट्टी येथें बनणेंहि अशक्य नाहीं. छपाईची चौकट, सांचे कोरणारीं यंत्रें, प्रेस, भट्ट्या, हें सर्व तळवडे, भोसरी व चाकण या पट्ट्यांत जागोजाग आहे, व त्यांवर काम करणारे पुष्कळ हात शेतकऱ्यांच्याच घरांतले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारांत नव्या उद्योगांस जागा व यंत्रें देणारी व्हेंचर सेंटर ही संस्थाहि आहे. ज्या पट्ट्यानें मोटारींचे सुटे भाग जगास पुरविले, त्यास बोटभर लांबीची पट्टी जड जाऊं नये.

तोंवर काय करावें? धातूंचा स्वभाव ओळखून चालावें. शिसें मातीच्या वरच्या थरांत घट्ट बसून राहतें. काळ्या, चुनखडीच्या जमिनींत तर अधिकच. पिकाच्या मुळांवाटे तें थोडें चढतें, परंतु पानांवर बसलेल्या धुळीवाटे जनावराच्या पोटांत सहज जातें. म्हणून संशयाच्या जागेलगतचा चारा धुवून घालावा. कॅडमियमचें उलट आहे. तें पालेभाज्यांत लवकर चढतें, व जमीन आंबट असेल तर अधिक. सर्वांत मोठा धोका मात्र फुटक्या बॅटरीचा. जनावर तींतील शिशाचे पत्रे चाटतें, आणि अशा विषबाधेनें गुरें दगावल्याचीं उदाहरणें देशोदेशीं नमूद आहेत. मोकळ्या झालेल्या जागेंत गुरें सोडण्यापूर्वीं ती जागा पायांनीं फिरून पाहावी.

नमुना घेण्याची रीत अशी. मातीसाठीं शेतांत आठ-दहा ठिकाणीं इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा, व त्याच्या बाजूची माती वरपासून तळापर्यंत सारखी खरवडावी. जस्ती घमेलें व पितळी भांडें वर्ज्य करावें, कारण त्यांतील धातु मातीस लागतो; प्लास्टिकची पाटी व स्टेनलेसची खुरपी चालेल. सर्व माती एकत्र कालवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत जावें, व शेवटीं अर्धा किलो ठेवावी. जेथें भट्टी किंवा बॅटरीचें काम चालत असे त्या जागेची माती निराळी ठेवावी, चांगल्या मातींत मिसळूं नये. पाण्यासाठीं पंप दहा मिनिटें चालवून मग बाटली भरावी. बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी, म्हणजे धातु भिंतीस चिकटूं नये म्हणून लागणारें आम्ल तेथूनच घालून मिळेल. अर्जांत शिसें व कॅडमियम हीं नांवें स्पष्ट लिहावीं. नुसतें ‘माती परीक्षण’ लिहिल्यास नेहमींच्या बारा गोष्टीच मोजल्या जातील. बाटलीवर व पिशवीवर गट नंबर, विहिरीची किंवा खड्ड्याची खूण, तारीख, आणि नमुना कोणीं काढला त्याचें नांव घालावें. पावसाळ्याच्या आधीं एक व दिवाळीनंतर एक, असे दोन नमुने एकाच विहिरीचे असले तर पाणी कोणत्या बाजूस झुकत आहे हें कळूं लागतें.